पैसे दिले की पोरगं बिघडतं का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्याकडं येतोच. मागं लातूरकडच्या एका रिटायर गुरुजींनी विचारला (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय). बालगृहातून १८ पूर्ण झाले म्हणून बाहेर पडलेल्या एका पोराचं रूमभाडं अन खर्चाचे पैसे गुरुजी-काकू देत होते, आयटीआयला ॲडमिशनपण करून दिलेली. दुसऱ्याच महिन्यात १२ तारखेला त्याचा फोन, गुरुजी पैसे संपले. "मॅडम, पोरं गोळा करून पार्ट्या करायलाय ओ त्यो, आमची पेन्शन काय झाडाला लागती का?"

पोराला बोलावलं. आधी मीपण तेच केलं जे सगळे करतात, वही दिली, हिशोब लिही म्हणलं, त्यानं मान डोलावली अन पुढच्या वेळी वही कोरीच आणली. मग एकदा त्याच्या रूमवरच गेले तर गॅसवर हे एवढं पातेलं, आठ-दहा जण जेवतील इतकी खिचडी. म्हणलं कोण येणारय रे? "कुणी न्हाई मॅडम, मला कमी करताच येत न्हाई." बालगृहात स्वयंपाकाच्या मावशींच्या हाताखाली साठ जणांचा अंदाज शिकलेला, एकट्याचा करायची वेळच आली नव्हती. अन झोप. लहानपणापासून हॉलमधे ओळीनं टाकलेल्या गाद्यांवर झोपलेलं लेकरू, इथं लाइट बंद केली की घाबरायचं, म्हणून पोरं बोलवायचं, अन पोरं आली की अंडी-पाव आलाच.

गुरुजींना म्हणलं पैसे बंद करू नका, फक्त महिन्याचे एकदम न देता दर सोमवारी द्या, अन तिथूनच बाहेर पडलेला अजून एखादा पोरगा रूममधे येऊ द्या, भाडंपण वाटून जाईल. आणि सगळा भार तुमच्यावरच आहे असंही नाही, मदत करणाऱ्या बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. बाल न्याय कायद्याखाली १८ नंतर २१ पर्यंत, काही केसमधे २३ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावरच्या आधाराची सोय आहे, मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात, त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढायचं, महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. 'मिळू शकतात' म्हणतेय कारण कागदं घेऊन खेटे मारायला सोबत मोठं माणूस लागतं, १८ वर्षाच्या पोराला टेबलावरचा माणूस धड वर मान करून बघत पण नाही. ते काम मात्र गुरुजींनी हौसेनं घेतलं, आयुष्यभर शाळेचे तक्ते भरलेला माणूस.

पैसे अजूनही शुक्रवारीच संपतात. रविवारी तो त्यांच्याकडं जेवायला जातो अन काकूंना गॅसजवळ येऊ देत नाही म्हणे, खिचडी तोच टाकतो, काकू-गुरुजींना सोमवारी दुपारपर्यंत पुरते.