समुपदेशनात सजगतेचा वापर: सुरुवात करणाऱ्यांसाठी

समुपदेशनात सजगता (माइंडफुलनेस), म्हणजे या क्षणी जे जाणवते आहे त्याकडे शांतपणे लक्ष देणे, वापरण्याचा आपला विचार असेल, तर तो चांगलाच आहे. मात्र दुसऱ्याला शिकवण्याआधी काही महिने तरी स्वतः रोज दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देत बसावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नाकपुडीशी श्वासाचा स्पर्श जाणवतो, तेवढ्यात विजेचे बिल आठवते, आणि ते ध्यानात येताच आपण स्वतःवर न चिडता श्वासाकडे परततो. हे परतणे म्हणजेच सराव. मन रिकामे होण्याची वाट पाहणारे नवशिके इथेच कंटाळतात.

आणखी दोन चुका हमखास होतात:

- सर्वांना डोळे मिटून बसवणे. मानसिक आघात सोसलेल्या व्यक्तीची अस्वस्थता त्याने वाढू शकते. तिला डोळे उघडे ठेवून तळपायाखालची फरशी जाणवू द्यावी आणि केव्हाही थांबण्याची मोकळीक द्यावी.
- औषधांऐवजी सजगता सुचवणे. अमेरिकी संशोधक जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला सजगतेवर आधारित ताण कमी करण्याचा कार्यक्रमही वैद्यकीय उपचारांना पूरक म्हणूनच होता.

दहा दिवसांच्या मौन शिबिराची घाई तूर्त नको. घरी भांडी घासताना पाण्याच्या गारव्याकडे लक्ष दिले तरी पुरे (मोबाइल अर्थातच दुसऱ्या खोलीत). एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नये.