कर्ता बदलून बघा

या महिन्याच्या पत्रांत एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत आलं आहे : 'ताई, काही सुचतच नाही.' मी 28 वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये जिग आणि फिक्श्चरची, म्हणजे मशीनवर काम होताना वस्तू जागेवर पक्की धरणाऱ्या आणि हत्याराला वाट दाखवणाऱ्या साधनांची, डिझाइनं केली. तिथे असं म्हणून हात वर करायची सोय नव्हती, कारण बाहेर मशीन थांबलेलं असायचं. त्यामुळे न सुचणं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या तिघांनाही ते उत्तर उपयोगी पडेल.

प्रश्न : आम्ही काही जण मिळून एक लहान वाचनालय चालवतो. कुणी पैसे घेत नाही. सभासद पुस्तकं वेळेवर परत करत नाहीत ही आमची कायमची डोकेदुखी. दंड वाढवला, फोन केले, शेवटी फळ्यावर नावं लिहिली. नाव आलेल्या दोघांनी येणंच सोडलं. आता सगळे म्हणतात, काहीतरी क्रिएटिव्ह करा. म्हणजे नक्की काय करायचं?

कागद घ्या आणि तुमची अडचण एका वाक्यात लिहा. मनातल्या मनात नको, पेनाने लिहा. तुमच्या पत्रावरून मला जे वाक्य मिळालं ते असं : 'सभासदांनी पुस्तकं वेळेवर परत करावीत.' आता शाळेत व्याकरणाच्या तासाला करायचो, तसं ते वाक्य सोडवा. कर्ता सभासद. कर्म पुस्तकं. 'परत करणं' ही क्रिया. 'वेळेवर' हे क्रियाविशेषण.

मग तुमचे तीन उपाय या वाक्याशेजारी मांडा. दंड, फोन, फळा. तिन्ही उपाय एकाच शब्दावर जोर लावताहेत, सभासदांवर. तुमच्या कल्पना संपलेल्या नाहीत. एका शब्दावरच्या कल्पना संपल्या आहेत. बाकीच्या शब्दांना तर अजून कुणी हातच लावलेला नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. आमच्याकडे एक पोलादी प्लेट ड्रिलिंगला यायची. तिला चार भोकं पाडायची, त्यातलं एक बाकीच्या तिघांपेक्षा 4 मिलिमीटर आत. प्लेट फिक्श्चरमध्ये उलटी बसली की ते भोक भलतीकडे पडायचं आणि प्लेट भंगारात जायची. आम्ही फिक्श्चरवर लाल बाण रंगवला. भिंतीवर सूचना लावली. प्रत्येक पाळीला समजावलं. तपासायला एक माणूस उभा केला. तरी रात्रपाळीत दोन-तीन प्लेटा जायच्याच. आमचं वाक्य होतं, 'ऑपरेटरने प्लेट उलटी लावू नये.' त्या वाक्यात आम्ही काही महिने अडकून पडलो होतो.

एका दुपारी नवा हेल्पर रिकामी प्लेट हातात घेऊन फिक्श्चरमध्ये कधी सुलटी, कधी उलटी बसवून बघत होता. मला म्हणाला, "मॅडम, ही दोन्ही बाजूंनी बसते कशाला?" मी वहीत आधीचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'प्लेट उलटी बसू नये.' कर्ता बदलला. ऑपरेटर वाक्यातून बाहेर गेला आणि त्याच्या जागी प्लेट आली. प्लेटचा एक कोपरा मुळातच तिरपा कापलेला होता, रोज समोर असूनही आमच्या लक्षात न आलेला. त्या कोपऱ्यालगत आम्ही 6 मिलिमीटरची एक पिन बसवली. सुलटी प्लेट पिनेला चाटून खाली बसायची. उलटी लावली तर पूर्ण कोपरा पिनेवर चढायचा आणि प्लेट एका बाजूने उचललेली राहायची. रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या डोळ्यांनासुद्धा ते कळायचं, डोळ्यांना नाही कळलं तरी हाताला कळायचं. कारखान्यात याला पोका-योके म्हणतात. हा शब्द जपानच्या शिगेओ शिंगो यांनी रूढ केला. माणसाला बोल न लावता चुकीची वाटच बंद करायची, असा त्याचा रोख आहे.

आता तुमच्या वाक्याकडे या. कर्ता बदला : 'पुस्तकाने परत यावं.' पुस्तकाला स्वतःहून परत यायला काय मदत करता येईल? पहिल्याच पानावर एक चिठ्ठी, 'या पुस्तकाची 3 वाचक वाट बघत आहेत', आणि आकडा पेन्सिलने, म्हणजे बदलता येतो. दंडाची पावती आणि ही चिठ्ठी वाचणाऱ्याच्या मनात वेगवेगळं काम करतात.

मग क्रिया घ्या. 'परत करणं' कशासाठी हवं आहे? पुढच्याला वाचायला मिळावं म्हणून. तर खरं वाक्य आहे, 'पुस्तक पुढच्या वाचकाकडे जावं.' मग ते आधी तुमच्या कपाटात यायलाच हवं, असं कुठे आहे? एकाने वाचून झालं की थेट दुसऱ्याला द्यावं आणि तुम्हाला फक्त निरोप कळवावा. रजिस्टरमध्ये नोंद झाली की काम झालं.

आणि 'वेळेवर'. या शब्दावर मी खूप वेळ थांबले. रजिस्टर काढून मोजा की उशिरा आलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तकांची कुणीतरी खरोखर वाट बघत होतं. बाकीची कपाटाऐवजी सभासदाच्या घरी राहिली, तर कुणाचं काय अडलं? मोजणीत अशी बरीच निघाली, तर मुदत फक्त मागणी असलेल्या पुस्तकांना ठेवा. तुमचं काम त्याच दिवशी हलकं होईल.

अजून एक गोष्ट. तुम्ही प्रत्येक वेळी काहीतरी जास्तीचं केलंत : दंडात भर, फोनची भर, फळ्याची भर. काढून काहीच टाकलं नाही. आपण सगळे असंच करतो. 2021 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात यावरचा एक अभ्यास आला होता. त्यात लोकांना लेगोच्या ठोकळ्यांची एक रचना दिली. वरचं छत एका कोपऱ्यात एकाच ठोकळ्यावर टेकलेलं, म्हणून डळमळीत. ते वीट पेलेल इतकं पक्कं करायचं, आणि जादा ठोकळा लावला तर बक्षिसातून पैसे कापले जाणार. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तो एकुलता ठोकळा काढून टाकायचा, म्हणजे छत खालच्या भागावर सपाट बसतं. एरवी 41 टक्के लोकांनीच तो काढला. सूचना देताना 'ठोकळे काढायला पैसे पडत नाहीत' एवढं वाक्य वाढवलं, तर 61 टक्क्यांनी काढला. काढून टाकणं अवघड नव्हतं, ते डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून मी माझ्या वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे 'काय लावू', उजवीकडे 'काय काढू'. उजवी बाजू रिकामी असेल तर पान उलटायचं नाही. तुमच्या उजव्या बाजूला मी दंड लिहीन. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये उशिराचा दंड बंद केला, तेव्हा कधीची घरात पडून राहिलेली पुस्तकं घेऊन लोक परत आले. दंडाच्या धास्तीने जे तोंड चुकवत होते, त्यांना दार उघडं झालं. तुमचे ते दोघे सभासदही मला तसेच वाटतात. फळा आज पुसा आणि त्यांना भेटायला जा, पुस्तकाचा विषय न काढता.

प्रश्न : मी नोकरीला लागून वर्षच झालंय. दर सोमवारी आमचं ब्रेनस्टॉर्मिंग असतं. तेच दोघे बोलतात, मी गप्प. आणि रात्री अंथरुणात पडल्यावर चांगली कल्पना येते. ताई, माझ्यातच काही कमी आहे का?

नाही रे. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून 'तू'च म्हणते. कमी त्या बैठकीच्या पद्धतीत आहे. येल विद्यापीठात 1958 मध्येच हे तपासून झालंय. चौघांना एकत्र बसवलं, आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. नंतर कारणही सापडलं : एक जण बोलत असतो तेव्हा बाकीचे आपली पाळी येईपर्यंत स्वतःची कल्पना जपून ठेवतात, किंवा विसरतात, किंवा आता बोलण्यात अर्थ नाही म्हणून सोडून देतात. तू दर सोमवारी नेमकं हेच करतोस.

साहेबांना पद्धत चुकीची आहे असं सांगायला जाऊ नकोस. एवढंच विचार, "सर, पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी लिहून काढू या का?" बर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडलेली पद्धत अशीच आहे. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, त्याने वाचून आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, 108 कल्पना कागदावर येतात. त्यातल्या बऱ्याच टाकाऊ असतील, असू देत. कागद कुणाचा आवाज मोठा ते बघत नाही.

रात्री सुचतं, त्याचा नीट उपयोग करून घे. गणितज्ञ आंरी प्वांकारे यांना एका अडलेल्या कोड्याचं उत्तर सहलीच्या वेळी बसच्या पायरीवर पाय ठेवताना सुचलं. पण त्याआधी त्यांनी त्या विषयावर भरपूर डोकं घासलं होतं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा सोमवारचा प्रश्न शुक्रवारीच मागून घे. शनिवारी अर्धा तास त्याच्याशी झटापट कर, अडशील तिथे थांब, आणि अडलेली जागा एका ओळीत लिहून ठेव. रविवार मोकळा. उशाशी कागद-पेन ठेव, फोन नको, फोन हातात घेतला की कल्पना गेलीच.

प्रश्न : माझा या कामातला अनुभव 26 वर्षांचा. परवा एका शिकाऊ मुलीने माझ्या देखत सोपा उपाय काढला आणि मला तो दिसलाच नव्हता. फार लागलं मनाला.

लागू देऊ नका. पेन्सिल घ्या. तीन भांडी आहेत, 21, 127 आणि 3 मापांची. त्यांनी बरोबर 100 मापं पाणी मोजायचं. 127 मधून 21 एकदा काढा आणि 3 दोनदा काढा, 100 उरतात. याच पद्धतीने सुटणारी आणखी पाच-सहा गणितं केलीत असं समजा. आता भांडी 23, 49 आणि 3 ची, हवेत 20. तुमचा हात आपोआप 49 कडे गेला ना? त्या पद्धतीने उत्तर येतंही. पण 23 मधून 3 एकदा काढले की 20. अब्राहम लुचिन्स यांनी 1942 मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. आधीची गणितं केलेले बहुतेक जण लांबच्या वाटेने गेले. ज्यांनी ती केली नव्हती, त्यांना जवळची वाट लगेच दिसली. ती मुलगी तुमच्यापेक्षा हुशार होती असं यातून निघत नाही. तिच्या हाताला ते वळण नव्हतं, एवढंच निघतं.

लुचिन्स यांनी काही जणांना मधेच कागदावर 'आंधळेपणा करू नका' असं लिहायला सांगितलं, आणि त्यातल्या अनेकांना जवळची वाट दिसली. मी तर एक नियमच केला होता : पहिला उपाय सापडला की त्याखाली रेघ मारायची, पण दुसरा सापडल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. शिकाऊ मुलीला पहिल्या महिन्यात पडलेले सगळे 'हे असं का?' एका वहीत लिहायला सांगा, आणि महिन्याने तुम्ही दोघं मिळून ती वही वाचा. महिनाभरात तिलाही तुमचं वळण लागेल, मग हे प्रश्न तिला पडणार नाहीत.

प्रश्न : रोज कोडी सोडवली तर सर्जनशीलता वाढते का?

कोडी सुटायला लागतात, ते खरं. पण एका कोड्याची युक्ती दुसऱ्या ठिकाणी आपोआप आठवते असं नाही. त्याऐवजी वस्तूंचे भाग पाडायचा सराव करा.

दोन जड पोलादी कड्या, एक लांब मेणबत्ती, एक काडी आणि एक पोलादी ठोकळा. कड्या एकमेकींना घट्ट जोडायच्या. बहुतेक जण मेण वितळवतात, पण मेणाने एवढं वजन धरत नाही. आता मेणबत्तीचे भाग पाडा : मेण आणि वात. 'वात' या शब्दातच तिचा उपयोग दडलाय, म्हणून तो बाजूला ठेवून ती कशाची आहे ते म्हणा. पिळलेल्या सुताची. म्हणजे दोरी! ठोकळ्याच्या धारेने मेण खरवडून काढा आणि सुताने कड्या बांधा. काडी पेटवायची गरजच नाही. टोनी मॅककॅफ्री यांनी 2012 मध्ये या रीतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही रीत शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा 67 टक्के जास्त कोडी सोडवली.

रोज एक वस्तू घ्या, छत्री, स्टेपलर, पंखा, काहीही. भाग पाडा, आणि प्रत्येक भागाचं उपयोग न सांगणारं नाव लिहा. 'छत्रीची काडी' असं लिहू नका, 'हातभर लांबीची लवचिक पोलादी पट्टी' असं लिहा. पुढे नाव सुचेना, तर त्या भागाला बोट लावून बघा आणि मग लिहा.