नायिका: नेणारी की नेलेली?

प्रश्न: 'लोकप्रिय चित्रपटांतील स्त्रीप्रतिमा' या विषयावर एम.ए.चा प्रकल्प लिहिते आहे. 'स्त्रीप्रधान चित्रपट' म्हणावं की 'नायिकाप्रधान'? मार्गदर्शकांच्या मते 'नायिका' हा शब्दच दुय्यम आहे, त्याऐवजी 'स्त्री-नायक' लिहावं. (एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे)

'स्त्री-नायक' लिहू नका. वाशी-ठाण्याच्या परिसंवादांत हा शब्द आता इतका ऐकू येतो की कान किटले, आणि समर्थन दर वेळी तेच: पुस्तकापेक्षा लहान ती पुस्तिका, नाटकापेक्षा लहान ती नाटिका, तेव्हा नायकापेक्षा लहान ती नायिका. साफ चूक. नायक, गायक, लेखक यांतला 'अक' हा ती क्रिया करणाऱ्याचा प्रत्यय आहे. त्याला स्त्रीलिंगी 'आ' जोडला की 'क'च्या आधीच्या 'अ'चा 'इ' होतो, पाणिनीचं त्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे (७.३.४४). लहान असण्याचा इथे काही संबंध नाही. लता मंगेशकरांना गायिका म्हटल्याने त्यांचं गाणं लहान झालं नाही.

आता मूळ धातूकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. धातू 'नी', म्हणजे आपलं साधं मराठी 'नेणे'. नेता त्यातूनच आला, आणि नेत्रही, कारण डोळा माणसाला वाट दाखवत नेतो. 'अभिनय'सुद्धा याच घरातला: भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात त्याची फोडच अशी केली आहे की जो प्रयोगाला प्रेक्षकाकडे नेतो तो अभिनय. म्हणजे 'अभिनेत्री'मध्ये 'नेत्री' अख्खी बसलेली आहे. प्रणय याच धातूचा, परिणयही याच धातूचा. परिणय म्हणजे अग्नीभोवती फिरवून नेणं, आणि जिला तसं नेलं ती 'परिणीता'.

इथे थांबून नीट बघा. नायिका म्हणजे नेणारी. परिणीता म्हणजे नेलेली. धातू एक, पण एकीत ती कर्ता आहे आणि दुसरीत कर्म. तुमचा अख्खा प्रकल्प या दोन शब्दांच्या मधल्या जागेत मावेल असं मला मनापासून वाटतं. आपल्या पडद्यावर श्रेयनामावलीत नायिका असते आणि गोष्टीत बहुतेक वेळा परिणीता असते. खलनायक तिला पळवून नेतो, नायक सोडवून नेतो, शेवटी वरात घेऊन जाते. क्रियापद तेच, ते तिच्या वाट्याला मात्र येत नाही.

हा दोष सिनेमाने आणला नाही. 'आपल्याकडे आठ-आठ नायिका सांगितल्या आहेत' असं अभिमानाने सांगणाऱ्या पंडितांशी माझं भांडण आहे ते यावरूनच. दहाव्या शतकातला धनंजय 'दशरूपक' या नाट्यविषयक ग्रंथात नायकाचे चार प्रकार करतो: धीरोदात्त (गंभीर, उदार), धीरललित (निश्चिंत, कलासक्त), धीरप्रशांत (शांत), धीरोद्धत (गर्विष्ठ). चारही त्याच्या स्वभावावरून. भरतापासून चालत आलेल्या आठ नायिका मात्र 'तो कुठे आहे' यावरून ठरतात. सजून त्याची वाट पाहते ती वासकसज्जा, तो आला नाही म्हणून झुरते ती विरहोत्कंठिता, तो दुसरीकडे रात्र काढून आला म्हणून संतापते ती खंडिता, तो परगावी गेला तर ती प्रोषितभर्तृका. अगदी तो मुठीत असला तरी नावात तोच: स्वाधीनभर्तृका. आठांत त्याला भेटायला स्वतःच्या पायांनी निघते ती एकटी अभिसारिका. ही वर्गवारी सूक्ष्म आहे, सुंदर आहे, पण हिला स्त्रीच्या सन्मानाचा पुरावा म्हणणं मला मान्य नाही.

दुय्यमपणाचा दाखलाच हवा असेल तर तुमच्या मार्गदर्शकांनी मराठीत शोधावा. 'नायक'चा नाईक झाला तो सैन्यातला हुद्दा आणि मानाचं आडनाव होऊन राहिला. त्याच शब्दाची नायकीण मात्र, जी नाचगाण्याच्या ताफ्याची प्रमुख होती, ती सभ्य घरांत कुजबुजत घ्यायचा शब्द झाली. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे आणि तुम्हाला ट्रान्सहार्बरची लोकल थेट आहे; एक दिवस जाऊन दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाच.

तुमचा 'स्त्रीप्रधान' राहिला. प्रधान म्हणजे प्र + धा, 'पुढे ठेवलेलं'. रूढ अर्थ 'मुख्य' हे मला ठाऊक आहे, तरी वापर तपासा. 'पुरुषप्रधान संस्कृती' म्हणतो तेव्हा पुरुषाची सत्ता अभिप्रेत असते. 'स्त्रीप्रधान चित्रपट' म्हणतो तेव्हा फक्त बाईचा पडद्यावरचा वावर. एकाच शब्दाला दोन मापं! 'माहेरची साडी' (१९९१) अलका कुबल यांच्या भूमिकेवर उभा आहे, पोस्टरवर त्याच, रडलेले प्रेक्षकही त्यांच्याचसाठी रडले. पण त्या लक्ष्मीवर घटना येऊन आदळतात, ती घटना घडवत नाही. ती पुढे ठेवलेली आहे. 'उंबरठा'मधली (१९८२) स्मिता पाटील यांची सुलभा घर सोडून महिलाश्रमाची नोकरी धरते आणि तिच्या निर्णयामागे कथेला फरफटत जावं लागतं, ती नेते. 'सैराट'ची (२०१६) आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, परश्याला मारणाऱ्यांवर पिस्तूल ती रोखते. धातूला जागणारी नायिका ती अशी.

म्हणून जिथे कथा तिच्याभोवती फिरते तिथे 'स्त्रीकेंद्री' लिहा, आणि जिथे ती कथेला नेते तिथेच 'नायिकाप्रधान'. दोन्ही शब्द ठेवा आणि चित्रपटागणिक निवडा. 'हिरोईन' बोलण्यात खुशाल वापरा, प्रबंधात नको. आणि 'महिलाप्रधान' तर कुठेच नको. महिला हा शब्द लोकलच्या डब्यावर, बचत गटावर आणि आयोगाच्या पाटीवर ठीक आहे, पात्राचं वर्णन करताना सरळ स्त्री म्हणा, बाई म्हणा.