शेतातल्या वस्तीवर राहतो. संरक्षणासाठी परवाना काढून घरात बंदूक ठेवावी का?

तुम्ही विचारलंय की वस्तीवर चोऱ्या वाढल्यात, तर बारा बोअर घ्यावी की रिव्हॉल्व्हर, आणि परवान्याला किती दिवस लागतात. पण मध्येच एक वाक्य लिहून गेलात: "वडील हल्ली रात्र रात्र जागेच असतात, बंदूक असली तर त्यांच्या मनाला तेवढाच आधार." बाकीचे सगळे कोणती बंदूक चांगली ते सांगतायत. मी त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले.

घेऊ नका. निदान आत्ता नाही.

आमच्या घरी दुनळी होती. बारा बोअरची, आजोबांपासून आलेली, आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर. आम्हीही वस्तीवरच राहायचो, गावापासून दोन किलोमीटर, शेजार म्हणजे चुलत्यांचं एक घर. माझे वडील, आबा, बंदुकीच्या बाबतीत अतिशय शिस्तीचे. लाकडी कपाटात कुलूपबंद, काडतुसांचा डबा वरच्या फळीवर, नूतनीकरणाची तारीख कधी चुकवली नाही. खंडेनवमीला बाहेर काढून तेलपाणी करायचे, हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि परत कपाटात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची. आम्हा मुलांनी तिला कधी हात लावला नाही. म्हणजे "निष्काळजी लोकांच्या घरी अपघात होतात" हे जे नेहमी सांगतात, तसलं आमचं घर नव्हतं.

2003 साल आठवत असेल तर बघा. पाऊस नाही, विहिरी तळाला, आणि जो काही ऊस उभा होता त्यावर लोकरी मावा. पानाच्या खालची बाजू कापूस चिकटवल्यासारखी पांढरी. आबांनी सोसायटीचं कर्ज काढून बोअर मारली होती, तिला पाणी लागलं नाही. दादा शहरात कॉलेजला, हॉस्टेलवर. मी बारावीला, घरी.

आबा बोलेनासे झाले. ताटावरून अर्धं जेवून उठायचे. रात्री अंगणात बाजेवर बसून राहायचे, विचारलं तर म्हणायचे, राखण करतोय. मग एक दिवस त्यांनी आईला सातबारे, पासबुकं, विम्याचे कागद कुठे आहेत ते नीट समजावून सांगितलं. दादा सुट्टीला आला तेव्हा स्वतःचं घड्याळ त्याच्या मनगटाला बांधलं. दादा खूश झाला. आई झाली नाही.

आई सातवी शिकलेली. गणपती बसले त्या आठवड्यात एका दुपारी ती कपाट उघडून उभी होती आणि मी शाळेतून आले. तिने डब्यातली काडतुसं काढून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली होती. नऊ होती. तिने ती ज्वारीच्या कणगीत तळाशी घातली, रिकामा डबा परत फळीवर ठेवला, कुलूप लावून किल्ली होती तिथे अडकवली. मला एवढंच म्हणाली, "कुणाला बोलू नगंस." फवारणीच्या औषधाचे डबे तर तिने आधीच चुलत्यांकडे पोचवले होते, काय कारण सांगून ते मला आजही माहीत नाही. त्या वर्षी खंडेनवमीला तिनेच बंदूक काढली, तिनेच डब्यावर हळदकुंकू वाहिलं. आबांनी डबा उघडला नाही. मी श्वास धरून बघत होते.

आता दादा सांगतो ती रात्र. जानेवारी 2004, थंडी, लाईट गेलेली. दादा घरी आलेला. दोनच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली ती थांबेचनात. विहिरीकडे माणसं होती, मोटर उपसत होती. आबा उठले, कपाट उघडलं, काडतूस भरायला बंदूक नळीपाशी मोडून उघडली आणि डब्यात हात घातला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. रिकाम्या पत्र्यावर बोटं फिरल्याचा.

दादा ओरडला, "काडतुसं कुठायत?" कुणी काही बोललं नाही. आई दारात येऊन उभी राहिली, दोन्ही चौकटींना हात लावून. आबा रिकामी बंदूक घेऊन खिडकीतून ओरडत राहिले. सगळे मिळून पाच-सात मिनिटं. मोटर गेली, केबल गेली, माणसं गेली. आमचा सालगडी गोठ्यातून काठी घेऊन मधल्या बांधाने विहिरीकडे धावला होता हे आम्हाला तो परत आल्यावर कळलं. बंदूक भरलेली असती तर आबांनी त्याच अंधारात, त्याच दिशेने उडवली असती. छर्रा सालगडी बघत नाही आणि चोर बघत नाही.

सकाळी आबांनी आईला विचारलं, "कुठं गेली?"

"म्या काढून ठिवल्यात."

"कवापासनं?"

"गणपतीपासनं."

आबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आई भाकरी करत होती, तेव्हा चुलीजवळ येऊन म्हणाले, "ऱ्हाऊ दे तितंच." एवढंच. पण त्या रात्री ते घरात झोपले, बाजेवर नाही. पुढे चुलत्यांनी त्यांना तालुक्याला डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू झाली, सोसायटीशी बोलणी झाली. सरळ सोपं काही नव्हतं, दोन वर्षं गेली. मार्चमध्ये लोकसभेच्या निवडणुकीसाठी बंदूक ठाण्यात जमा झाली, मेमध्ये निकाल लागले, आणि आबा ती आणायलाच गेले नाहीत. मग विधानसभेची निवडणूक आली. दिवाळीपर्यंत बंदूक ठाण्यातच राहिली.

आबा 2019 ला गेले, हृदयविकाराने, स्वतःच्या अंथरुणावर. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी पोहायला शिकवलं.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे: आईने घर उघडं टाकलं, चोरांसमोर आबांची लाज गेली. आई गेल्यावर दहाव्याला सुद्धा तो हे बोलला. म्हणून याचं उत्तर मी इथे सविस्तर देणार आहे, तुमच्याही उपयोगाचं आहे.

पहिलं, कायदा. परवाना मिळाला म्हणजे चोरावर गोळी झाडायची परवानगी मिळाली असं अर्ध्या लोकांना वाटतं. तसं नाही. मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंतचा अधिकार फक्त काही गुन्ह्यांपुरता आहे: दरोडा-जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा अशी चोरी की जिच्यात आपला जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटावी. तेव्हा हे भारतीय दंड संहितेच्या कलम 103 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 मध्ये आहे. विहिरीवरची मोटर उपसून नेणं ही साधी चोरी. त्यासाठी माणूस मारला तर आबाच आरोपी झाले असते, आणि एका मोटरीपायी आम्ही पुढची दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. तुमच्याकडे ज्या चोऱ्या वाढल्यात त्या तुम्हीच लिहिल्यात: केबल, स्टार्टर, शेळ्या. यातल्या कशावरही तुम्हाला बंदूक चालवता येणार नाही.

दुसरं. दादा म्हणतो, "ज्याला जायचंय तो जातोच, काडतुसं लपवून काय होतंय." हे साफ खोटं आहे, आणि हे वाक्य ऐकलं की मला अजूनही राग येतो. इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक शनिवार-रविवारी घरी जाताना रायफल सोबत नेत असत. 2006 मध्ये नियम बदलला, रायफल छावणीतच ठेवून जायचं. सैनिकांच्या आत्महत्या साधारण 40 टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः त्या सुट्टीच्या दिवसांतली होती. माणसं तीच, दुःखं तीच, फक्त दोन दिवस हत्यार हाताशी नव्हतं. तो क्षण येतो आणि जातो. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळपास नऊ जिवावर बेततात, तिथे मागे फिरायला वाटच नसते. आणि जे वाचतात त्यांच्यातले बहुतेक पुढे आत्महत्या करत नाहीत. आबा त्याचा जिवंत पुरावा होते, पंधरा वर्षं.

अमेरिकेत आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे घराघरांची तुलना करून तपासलं. 1993 च्या अभ्यासात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका 2.7 पट निघाला, आणि वाढलेला धोका बाहेरच्या चोराकडून नव्हे तर घरच्याच किंवा ओळखीच्या माणसाकडून. आत्महत्येचा धोका, 1992 च्या अभ्यासात, 4.8 पट. दादा म्हणतो ते अमेरिकेचं आहे. बरोबर, आपल्याकडे बंदुका कमी आहेत. पण बंदुकीसमोर एकटा बसलेला माणूस कुठल्याही देशातला असो, तो एकटाच असतो.

परवान्याचं विचारलंत म्हणून थोडक्यात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल लागतो आणि वेळ सगळा तिथेच जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. कुणी "परवाना कशाला, गावठी कट्टा आणून देतो" म्हणालं तर त्याला दारातून परत पाठवा, विनापरवाना हत्याराला किमान दोन वर्षं तुरुंग आहे. अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र अर्जाच्या दिवशीचं असतं. आबांनी परवाना घेतला त्या दिवशी कुठल्याही डॉक्टरने त्यांना तंदुरुस्त म्हटलं असतं. लोकरी मावा त्यानंतर आला. आणि बंदूक एकट्या परवानाधारकाच्या घरात नसते. नापास झालेला मुलगा त्याच घरात असतो, बाळंतपणानंतर उदास झालेली सून त्याच घरात असते. त्यांना कुणी तपासत नाही.

बारा बोअर की रिव्हॉल्व्हर, ते मी सांगणार नाही.

चोरांचं म्हणाल तर मोटर गेल्यावर आम्ही विहिरीवर लोखंडी पिंजरा बसवला, दोन कुत्री वाढवली, चुलत्यांच्या घरापर्यंत घंटा ओढली. आता तर सोलरचे दिवे आहेत, मोबाईल आहेत, 112 आहे. आसपासच्या चार वस्त्यांनी फोनचा गट करून रात्री पाळीने फिरलं तर जो फरक पडतो तो कपाटातल्या बंदुकीने पडत नाही.

एक मान्य करते. ज्याला नाव घेऊन जिवे मारायची धमकी आहे, ठाण्यात तक्रार आहे, पोलीस लांब आहेत, त्याची गोष्ट वेगळी. त्याने परवाना घ्यावा, चालवायला नीट शिकावं, मी अडवणार नाही. पण तिथेही बंदूक एका कुलुपात, काडतुसं दुसऱ्या कुलुपात, आणि दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाकडे. आणि घरात वाईट दिवस आले तर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला देता येते, त्यात कमीपणा नाही. कणगीपर्यंत वेळ येऊ देऊ नका.

तुमच्या वडिलांबद्दल. ते रात्र रात्र जागतात ते चोरांमुळेच, हे त्यांनी सांगितलंय की तुम्ही धरून चाललाय? जेवण कसं आहे, कर्ज किती आहे, कागदपत्रं कुठे आहेत ते हल्ली कुणाला समजावून सांगितलंय का, हे आईला एकटीला गाठून विचारा. तुम्हाला माहीत नाही ते तिला माहीत असेल. डॉक्टरकडे नेणं जड वाटत असेल तर टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. आजच करा.

आमची बंदूक आबा गेल्यावर ठाण्यात जमा केली. वारस म्हणून दादाला ती नावावर करून हवी आहे आणि त्यासाठी माझं ना हरकत पत्र लागतं. त्याचा मुलगा यंदा बारावीला आहे, क्लासच्या परीक्षेत मार्क कमी पडल्यापासून खोलीतून बाहेर येत नाही असं वहिनी फोनवर सांगत होती. गेल्या महिन्यात दादाने पत्राचा मसुदा टाईप करून पाठवला, फक्त सही करायची होती. मी तो कोराच परत पाठवला आणि वहिनीला फोन लावला.