३१ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाला आरएसव्हीचं अँटिबॉडी इंजेक्शन द्यावं का?

हो, द्या. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू, आणि अँटिबॉडी म्हणजे विषाणूला अडवणारं प्रथिन. तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी सुचवलंय, पण घरातली मोठी माणसं "सर्दीच्या विषाणूसाठी कोणी इंजेक्शन देतं का" म्हणून अडून बसली आहेत. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून पुढे जाणं मला जमलं नाही.

माझी मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली. पेटीतून बाहेर आली, व्हेंटिलेटर सुटला, पण फुफ्फुसं नाजूक राहिली. घरी आली तीसुद्धा नाकाला ऑक्सिजनची नळी लावूनच. त्या वेळी एका डोसात काम होणारं औषध नव्हतं. आरएसव्हीविरुद्धची, १९९८ पासून वापरात असलेली पॅलिव्हिझुमॅब नावाची अँटिबॉडी होती. ती शरीरातून साधारण वीस दिवसांत निम्मी ओसरते, म्हणून साथीचे महिने संपेपर्यंत दर महिन्याला मांडीत टोचून घ्यायची. डोस वजनावर, किलोमागे १५ मिलिग्रॅम. आधी वजनकाटा, मग सुई. तिचं वजन वाढावं म्हणून आम्ही जिवाचं रान करत होतो, आणि वाढलं तेव्हा औषध १ मिलिलिटरच्या वर गेलं. तेवढं एका जागी देत नाहीत, म्हणून शेवटी शेवटी दोन्ही मांड्यांत टोचावं लागलं. काट्यावरचा आकडा बघून झालेला आनंद दुसरी सुई भरली जाईपर्यंतच टिकायचा.

माझ्या मोठ्या दिरांचा याला पहिल्यापासून विरोध. भाऊजी माणूस म्हणून चांगले आहेत, मुलगी दवाखान्यात होती तेव्हा रात्र रात्र बाहेर बसले आहेत. पण या बाबतीत ऐकायलाच तयार नव्हते. "आमची पोरं सर्दी-खोकल्यातच वाढली, शरीराला लढायला शिकू दे." त्यांची पोरं पूर्ण दिवसांची होती! आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांचं बाळ ती शिदोरी घेऊन जन्माला येतं, कमी दिवसांचं बाळ जवळपास रिकाम्या हाताने येतं. शिवाय त्याच्या श्वासनलिका इतक्या बारीक असतात की थोडी सूज आणि थोडा कफ एवढ्यानेही त्या बंद होतात. मोठ्या माणसाला ज्या विषाणूने नुसतं नाक गळतं, त्याच विषाणूने असं बाळ निळं पडू शकतं. आणि आरएसव्ही एकदा छातीत उतरला की त्यावर नेमकं औषध म्हणावं असं काही नाही. ऑक्सिजन द्यायचा, पाणी-दूध पोटात जाईल हे बघायचं, वाट बघायची. त्यामुळे जे करायचं ते आधीच करावं लागतं.

मग भाऊजींनी कुटुंबाच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला: याच विषाणूच्या लसीने पूर्वी मुलं दगावली होती. गोष्ट खरी आहे. १९६६ च्या सुमाराला अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस तान्ह्या मुलांना दिली होती. पुढे त्या मुलांना खरा संसर्ग झाला तेव्हा आजार कमी होण्याऐवजी बळावला. एका गटात लस घेतलेल्या आणि नंतर संसर्ग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं, दोघं गेली. पण त्या लसीने मुलांच्या शरीराला ज्या अँटिबॉडी बनवायला लावल्या, त्या विषाणूला नीट अडवणाऱ्या नव्हत्या. इथे बाळाच्या शरीराला काही बनवायलाच लावत नाहीत. बाहेर तयार केलेली, पारखलेली, एकाच प्रकारची अँटिबॉडी सरळ टोचतात. तुम्ही विचारलंय की ही लस आहे का. नाही. म्हणूनच हिचा परिणाम काही महिन्यांनी संपतो आणि बाळाच्या बाकीच्या लसींना ती आड येत नाही.

पहिले काही महिने मुलीला काहीच झालं नाही. लगेच घरात सुरू झालं, "बघ, काही होणारच नव्हतं, उगाच टोचलं." नंतर एका डोसानंतर तिला सर्दी झाली, खोकला आला, नाकातला नमुना तपासला तर आरएसव्ही. तेव्हा तेच भाऊजी म्हणाले, "मग उपयोग काय झाला?" त्या रात्री मी तिच्या छातीवरचा कपडा काढून फासळ्या बघत बसले होते. नाक साफ करायचं, थोडं थोडं दूध पाजायचं, श्वास मोजायचे. डॉक्टरांनी तपासलं आणि घरीच ठेवायला सांगितलं. ती घरीच बरी झाली. तर आता त्यांचं म्हणणं असं की पोर मुळातच धडधाकट होती.

काही झालं नाही तर इंजेक्शनची गरज नव्हती, काही झालं तर इंजेक्शन कुचकामी, आणि झालेलं निभावलं तर पोर धडधाकट. असा वाद कधीच हरता येत नाही. माझी मुलगी इंजेक्शनमुळे वाचली हे मी सिद्ध करू शकत नाही, एका बाळावरून ते कुणालाच करता येणार नाही. म्हणून तर अशा १५०२ बाळांवर चाचणी झाली. खोटं औषध दिलेल्या गटातल्या १०.६ टक्के बाळांना आरएसव्हीने दवाखान्यात जावं लागलं, पॅलिव्हिझुमॅब दिलेल्या गटात ४.८ टक्क्यांना. संसर्ग होणारच नाही असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. बाळ दवाखान्यात जाण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते, एवढंच म्हटलं होतं, आणि माझ्यासारख्या आईला तेवढं भरपूर आहे.

तुमचं नशीब जास्त चांगलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा निर्सेव्हिमॅब सुचवलं असेल. ते २०२२-२३ पासून आलंय, एकच डोस, किमान पाच महिने पुरतो. पाच किलोच्या आतल्या बाळाला ५० मिलिग्रॅम, त्यावर १००. २९ ते ३४ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांवरच, म्हणजे अगदी तुमच्या बाळासारख्यांवर, त्याची चाचणी झाली होती: दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. २०२५ मध्ये अमेरिकेत क्लेसरोव्हिमॅब नावाचं आणखी एक मंजूर झालं, तेही एकाच डोसाचं. कुणी म्हणेल की पूर्वी ३१ आठवड्यांच्या, फुफ्फुसं ठीक असलेल्या बाळाला हे देत नसत. बरोबर आहे, दरमहा टोचायच्या जुन्या औषधाबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये तसंच सांगितलं होतं. तो नियम नव्या औषधाला लावू नका.

मी डॉक्टर नाही हे इथे सांगून ठेवते. दुष्परिणामांचं म्हणाल तर टोचलेल्या जागी लाली, थोडा ताप, क्वचित पुरळ. तीव्र अ‍ॅलर्जी फार विरळ, पण आधी अशा औषधाची आली असेल तर देत नाहीत. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त लवकर थांबत नसेल तर मांडीत सुई देण्याआधी डॉक्टरांना सांगा. हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तेही सांगा, कारण हार्ट-लंग मशीनवर ही अँटिबॉडी रक्तातून कमी होते आणि पुन्हा द्यावी लागू शकते. गरोदरपणात आईला द्यायची लसही आता आहे, पण तिचा फायदा बाळापर्यंत पोचायला किमान दोन आठवडे लागतात. तुमचं बाळ ३१ व्या आठवड्यातच आलंय, तेव्हा त्यावर विसंबू नका. साथ कुठे थंडीत येते, कुठे पावसात. तुमच्याकडे कधी, ते विचारून त्याआधीच डोस घ्या.

आणि इंजेक्शन झाल्यावरही फासळ्या आत ओढल्या जात असतील, नाकपुड्या फुलत असतील, बाळ दूध ओढायचं सोडत असेल किंवा मध्येच श्वास थांबत असेल, तर ताबडतोब निघा. त्या वेळी घरात कुणाचं मत विचारत बसू नका.