दोघांनी मिळून कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचंय, पावलं जुळवून चालावं का?

नाही. आणि ‘लेफ्ट-राईट’ म्हणत तर मुळीच नाही. हे वाटेवर चालण्याचं; जिन्याचं वेगळं, ते शेवटी सांगतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. 2011 च्या श्रावणात काकू शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, खुबा मोडला. गाडीरस्ता तासाभराच्या उतरणीखाली. मेसाच्या बांबूला गोधडीची झोळी बांधली. पुढे मी, मागे चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा. तो कॉलेजात एनसीसीला होता, त्यामुळे हुकूम त्याचा: “पाय जुळव रे!” जुळवले. दर पावलाला झोळी हिंदकळायची आणि काकू किंचाळायची. पहिल्या ओहोळाशी धनगरवाड्यातले एक म्हातारबाबा भेटले. त्यांनी दादाला बाजूला केलं, खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली आणि मला म्हणाले, “तू तुझा चाल. माझा पाय मी बघतो.” दहा पावलांत काकू गप्प. मी घाबरून वळून पाहिलं, तर ती विचारतेय, गोठ्याचं दार लावलंत ना?

चालताना आपली कंबर दर पावलाला चारेक सेंटिमीटर वरखाली होते. दोघं एकदम वर, एकदम खाली, की मधलं ओझंही तसंच; त्यात बांबूचं लवणं त्याच तालाला लागलं तर आणखी जास्त. एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा एवढ्याने भागत नाही. पाय कुठलाही असो, कंबर खालीवर होतेच. त्याने फक्त बाजूचा झोल कमी होतो. हिसका घालवायचा तर अर्ध्या पावलाचा फरक हवा: पुढच्याचा पाय टेकतो तेव्हा मागच्याचा हवेत. बाबा नेमकं तेच करत होते. स्ट्रेचरच्या जुन्या कवायतीतसुद्धा पुढचा डाव्या पायाने निघतो, मागचा उजव्याने. म्हणजे कवायतवाल्यांनाही निम्मं कळलं होतं, आमच्या दादाला तेवढंही नाही.

हां, तुमचं कपाट आहे आणि जिना आहे, तिथे यातलं काही चालणार नाही. एकेक पायरी, तोंडाने बोलत, दोघांनी एकदमच उतरा. कपाट तळाला धरलं की भार खालच्याकडे सरकतो, तेव्हा दणकट माणूस खाली. फळ्या आणि दारं आधी काढा.

दादा अजून म्हणतो, बाबांनी वाटेत बांबू बदलला म्हणून फरक पडला. बांबू तोच होता. गोठ्याच्या आढ्याला टांगलाय, गोधडीच्या गाठीचे वळ अजून आहेत त्यावर.