'तोलेदो एस' की 'तोलेदो एस्ता'?

स्पॅनिश शिकणाऱ्या एकाचा प्रश्न आहे. (स्पॅनिशमध्ये 'असणे'ला 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं; 'आहे'साठी त्यांची रूपं अनुक्रमे 'एस' आणि 'एस्ता'.) प्रश्न असा: "'तोलेदो स्पेनमध्ये आहे' याचं मी 'तोलेदो एस एन एस्पान्या' केलं, ते चूक ठरलं, 'एस्ता' हवं म्हणे. पण कायमचं ते 'सेर' आणि तात्पुरतं ते 'एस्तार' ना? तोलेदो काय उद्या उठून जाणार आहे?"

नाही जाणार. म्हणूनच तो नियम आधी डोक्यातून काढा. पिढ्यान् पिढ्या घोकवला जातो आणि पहिल्याच शहराशी आपटतो. मेलेला माणूसही स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो'च असतो. याहून कायमचं काय असायचं?

'एस्तार' आलं लॅटिन 'स्तारे'वरून, म्हणजे उभं राहणं. आपल्या 'स्था'चं हे सख्खं भावंड. स्थान, ठाण, ठाणं त्याच घरातले. स्पॅनिश जिभेला शब्दाच्या सुरुवातीला 'स्त', 'स्प', 'स्क' चालत नाही, आधी 'ए' लागतो. म्हणून 'स्तारे'चं 'एस्तार' झालं आणि याच धातूवरून स्थानकाला 'एस्तासिओन'. आता आपलं 'इष्टेशन' आठवा! धातू तोच, जिभेची अडचण तीच, तोडगाही तोच. 'इष्टेशन' म्हणणाऱ्याला गावंढळ ठरवणाऱ्यांनी 'एस्तासिओन' एकदा मोठ्याने म्हणून पाहावं. 'सेर' हे रूप तर 'सेदेरे'वरून, म्हणजे बसण्यावरून आलं. आपलं 'सद्', 'सदन' तिकडचं. 'एस' मात्र 'अस्ति'च्या गोतातलं.

थोडक्यात, तोलेदो स्पेनमध्ये ठाण मांडून आहे, म्हणून 'एस्ता'. व्युत्पत्ती नवशिक्यांच्या कामाची नाही म्हणणारे व्याकरणकार इथे साफ चुकतात, कारण अपवादही तिच्यातूनच उलगडतो. मैफल कुठे उभी नसते, ती घडते. म्हणून 'मैफल चौकात आहे' याला 'एल कोन्सिएर्तो एस एन ला प्लासा'.

खरा घोटाळा आपल्या 'आहे'चा. तो एकटा तीन कामं करतो. शहर कसं आहे, तिथे 'एस': 'तोलेदो एस उना सिउदाद आन्तिग्वा', म्हणजे तोलेदो हे जुनं शहर आहे. 'सिउदाद' (शहर) स्त्रीलिंगी, म्हणून 'आन्तिग्वा', 'आन्तिग्वो' नव्हे. कुठे आहे, तिथे 'एस्ता'; लिहिताना शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह द्याच, नाहीतर त्याचा अर्थ 'ही' होतो. शहरात काय काय आहे, तिथे 'आय': 'एन तोलेदो आय उना कातेद्राल', म्हणजे तोलेदोमध्ये एक कॅथीड्रल आहे. 'आय'चं अनेकवचन शोधू नका. ताहो नदीवरच्या दोन जुन्या पुलांनाही 'आय दोस पुएन्तेस आन्तिग्वोस'च. 'आय'च्या पुढे 'उन', 'उना' (एक), संख्या किंवा 'मुचोस' (पुष्कळ) येईल, 'एल' किंवा 'ला' (इंग्रजी 'द'सारखे) नाही. कॅथीड्रलची एकदा ओळख झाली की पुढच्या वाक्यात 'ला कातेद्राल एस्ता एन एल सेन्त्रो', म्हणजे ते कॅथीड्रल मध्यभागी आहे.

आणि 'आय'च्या शेवटी जो 'य' चिकटला आहे, तो बहुधा लॅटिन 'इबि', म्हणजे 'तिथे'.